दहा घरांचे येसर

पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. आणि हिमायतनगर तर परमेश्वराचेच गाव. जुन्या माणसांच्या तोंडी या गावाचे नाव अजून वाढोणा असेच येते, आणि महाशिवरात्रीला श्री परमेश्वराच्या यात्रेला भोवतालच्या खेड्यापाड्यांतून बायामाणसांची रीघ लागते. पाच मुखांनी देव बोलतो हे खरे. पण त्याच पाचजणी मिळून एक पदार्थ ठरवायला बसल्या, की प्रत्येक मुखाची चव निराळी असते हे लगेच कळून येते.

प्रसंग कोणताही असो. बचत गटाचा वाढदिवस असेल, महिला मंडळाचा मेळावा असेल, यात्रेत एखादे दुकान मांडायचे असेल, नाहीतर नुसतेच “सगळ्याजणी मिळून एक दिवस काहीतरी करू” असे ठरलेले असेल. ओसरीवर सतरंजी पडते, पाणी फिरते, आणि बोलणे सुरू होते.

“पुरणपोळी करू. तिला कुणी नाव ठेवणार नाही.”

“पुरणपोळी करायची तर तूप कुठून आणावं? कोरडी वाढली तर नाव ठेवतीलच की.”

“मग गुलाबजाम करू. दुकानात पाकीट मिळतं.”

“त्यापरीस पापड बरे, वाहिनी. टिकतात तरी.”

बोलणाऱ्या चौघी-पाचजणी असतात. भिंतीला टेकून एक बाई मात्र गप्प असते. तिला चव कळत नाही असे नव्हे. हात उत्तम असतो. कुणाच्या लग्नात शंभर माणसांचा स्वयंपाक ती एकटी सावरते. पण तिच्या घरी डाळ पावशेराने येते, तेल बाटलीने येते, आणि तूप सणालाच दिसते. पुरणपोळी ठरली तर आपण काय घेऊन जायचे, याचा हिशेब ती मनात करीत असते. पुढच्या बैठकीला ती येत नाही. “रानात काम निघालं” म्हणून निरोप येतो. त्याच्या पुढच्या बैठकीला आणखी एक कमी होते. गट पैशांवरून मोडतात असे आपण समजतो. पण कित्येक गटांना पहिला तडा असा एखाद्या पदार्थावरून जातो, आणि तो कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून आजचा विषय साधा दिसला तरी हलका नाही. दहाजणींनी मिळून करायचा पदार्थ कसा निवडावा?

चव नंतर, डबा आधी

आपली पहिली चूक अशी होते, की आपण “सर्वांत चांगले काय?” येथून सुरुवात करतो. सर्वांत चांगले म्हटले की सर्वांत महाग पुढे येते, आणि ज्या घरी भरलेले डबे आहेत त्या घराची निवड सगळ्यांच्या माथी बसते. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. दहा घरांपैकी ज्या घरी सर्वांत कमी आहे, त्या घराच्या डब्यांत आज काय आहे ते आधी पाहावे, आणि त्यातून जे होईल तेच सगळ्यांनी करावे. ज्या पदार्थात त्या घराची मूठ मोलाची ठरते, तोच दहाजणींचा पदार्थ.

यावर कुणी म्हणेल, “गरीब बाईनं काही आणू नये, आम्ही आणू की तिच्या वाट्याचं.” बोलणारीचा हेतू चांगला असतो, पण हे बोलणे लागते. फुकट जेवायला आलेली आणि बरोबरीने करायला आलेली यांत फरक आहे. तिला माफी देऊ नका, वाटा द्या. आणि वाटा देता येईल असाच पदार्थ निवडा.

सातजणींनी पापड का निवडला?

या निवडीचे आपल्या राज्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या आणि त्यांनी पापड लाटायला घेतले. भांडवल उसने घेतलेले, तेही अवघे ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्या सातजणींत जसवंतीबेन पोपट होत्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हीच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाली आणि देशभर पसरली.

त्या बायकांना दुसरे काही येत नव्हते असे नाही. गुजराती घरात फरसाणाचे आणि मिठाईचे किती प्रकार होतात! तरी त्यांनी पापड घेतला, आणि पापडाचे गुण पाहिले म्हणजे त्या निवडीतला शहाणपणा दिसतो. पापड प्रत्येकीच्या हाताला ठाऊक होता. त्याला पोळपाट-लाटण्यापलीकडे हत्यार लागत नव्हते. आणि मुख्य म्हणजे काम वाटता येत होते. पुढे त्या संस्थेची रीतच अशी पडली, की पीठ एका ठिकाणी मळायचे, बायकांनी लाट्या घरी न्यायच्या, सवडीने पापड लाटायचे आणि वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. त्यामुळे तान्हे मूल असलेली बाईही त्यात आली आणि एका खोलीत संसार करणारीही आली.

अडचणी त्यांनाही आल्या. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद राहिले, कारण वाळवायला ऊन नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पाऊस पडत राहिला आणि पापड वाळत राहिले. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सांगितले की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. तो सल्ला त्यांनी मानला.

आता यावरून “आपणही पापडच करू” असे म्हणणे म्हणजे शेजारणीच्या मापाची चोळी आपण घालण्यासारखे आहे. त्याच संस्थेने पुढे काड्यापेट्या आणि अगरबत्त्या करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत. पापड चालला, कारण तो त्या बायकांच्या हाताला, जागेला आणि वेळेला बसला. आपल्या हाताला, जागेला आणि वेळेला काय बसते ते आपणच पाहायला हवे.

जवळची दोन उदाहरणे

मुंबई दूर वाटत असेल तर आपल्या नांदेडलाच पाहू. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जेथे देह ठेवला, त्या हुजूर साहिबच्या लंगरात रोज हजारो माणसे जेवतात. जेवण डाळ-रोटीचे, शाकाहारी. एवढ्या मोठ्या तीर्थाला पक्वान्न परवडत नाही म्हणून का? तसे नव्हे. पंगतीला कोण येईल, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याचा नेम नाही. म्हणून कुणालाच ताटावरून उठावे लागू नये असे जेवण ठेवलेले आहे. शिवाय तेथे कामालाही कुणी हात लावू शकतो. ज्याला रोटी लाटता येत नाही त्याला लसूण सोलता येतो, आणि त्याची सेवा तेवढीच मोलाची.

दुसरे उदाहरण शेजारच्या लातूर जिल्ह्याचे. तेथे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या साजरी होते. गाव ओस पडते आणि शिवार माणसांनी भरते. त्या दिवशीची भज्जी प्रसिद्ध आहे. मेथी, पालक, चुका, कोवळा हरभरा, तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, गाजर, वांगे, शेंगदाणे, चिंच, बोरे, जे रानात असेल ते त्यात पडते आणि बेसन लावून एकत्र शिजते. सोबत भाकरी, उंडे आणि आंबील. भज्जीत एकेका भाजीला वेगळा मान नाही, आणि एखादी नसली म्हणून ती अडतही नाही. कुणी मूठभर दाणे आणले, कुणी जुडीभर भाजी आणली, पातेले एकच.

लंगराने शिकवले, की कुणी उठून जाऊ नये असे अन्न असावे. भज्जीने शिकवले, की मूठभर आणणारीलाही जागा असावी. लिज्जतने शिकवले, की काम वाटता यावे आणि केलेले टिकावे. भज्जी टिकत नाही आणि ती हिवाळ्याच्या हिरव्या रानाशिवाय होत नाही. पापड टिकतो, पण त्यात मूठभर आणणारीला जागा नाही, सगळा माल एकदम विकत आणावा लागतो. हे तिन्ही गुण एका पदार्थात मिळतील का?

हिमायतनगरच्या दहा घरांत काय सापडते?

हिमायतनगर हे तीन मुलखांच्या शिवेवरचे गाव. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे येथून जाते. एकीकडे तेलंगण, दुसरीकडे पैनगंगा ओलांडली की विदर्भ. त्यामुळे एकाच गल्लीत उमरखेडकडची सून भेटते आणि आदिलाबादकडचीही. मराठी, उर्दू, तेलुगू अशा तिन्ही बोली कानावर पडतात. एकीच्या हाताला चिंच लागते, दुसरीच्या हाताला गूळ; एकीच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण नाही, दुसरीच्या घरी आठवड्याला मटण.

डब्यांचे पाहू. शिवारात आता सोयाबीन आणि कपाशी वाढली, तरी जिराईत शेतकऱ्याच्या घरी थोडी तरी ज्वारी असते. रेशनकार्डावर धान्य मिळते त्या घरी गहू असतो. तुरीत-हरभऱ्यात राबणाऱ्या घरी डाळ असते. कुणी हळदीचे दोन वाफे लावलेले असतात, कुणाच्या परसात मिरची असते, कुणी बांधावर धने टाकलेले असतात. एका घरात सगळे नसते. दहा घरांत मिळून सगळे असते.

ज्वारी, गहू, डाळ, धने, मिरची, हळद. हे शब्द एका ओळीत म्हणून पाहा. मराठवाड्यातल्या आजीला पुढचे सांगावे लागत नाही, ती म्हणेल, “अगं, हे तर येसर!”

येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्याचे पीठ. आपल्याकडे लग्न ठरले की मेतकुटाबरोबर येसर करण्याची जुनी रीत आहे. पाहुणे किती येतील ते सांगता येत नाही, भाजी पुरेल न पुरेल. मग फोडणीत पाणी उकळायचे, येसर कालवून सोडायचे, की आमटी तयार. भाकरी कुस्करून खाल्ली की दुसरे काही लागत नाही. लग्नघराची अब्रू राखणारे हे पीठ आहे, आणि रानातून उशिरा परतलेल्या बाईची चूलही तेच राखते.

आता कसोट्या लावा. मूठभर आणणारीला जागा आहे, कारण येसर मुठीमुठीचेच असते. काम वाटता येते: निवडणे, भाजणे, पाखडणे, चाळणे, भरणे. नीट भाजलेले असले तर कित्येक महिने टिकते. आणि कुणाला ताटावरून उठावे लागत नाही, कारण कांदा, लसूण, मांस हे पिठात नसतेच. ते ज्याने त्याने आपापल्या चुलीवर घालायचे किंवा गाळायचे. सणवार पाळणारी काकू जिरे-हिंगाची फोडणी देईल, शेजारची आपा त्याच पिठाने मटणाचा रस्सा दाट करील. पीठ एक, आमट्या दहा.

दहा घरांचे प्रमाण

दहाजणींसाठी पुढील प्रमाण ठेवावे: ज्वारी २ किलो, गहू १ किलो, हरभऱ्याची डाळ १ किलो, उडदाची डाळ अर्धा किलो, धने अर्धा किलो, सुक्या लाल मिरच्या पाव किलो, जिरे १०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, मिरी २५ ग्रॅम, दालचिनी आणि दगडफूल प्रत्येकी २० ग्रॅम, लवंग आणि हिंग प्रत्येकी १० ग्रॅम, थोडे तेजपान. एकूण साडेपाच किलोच्या आत-बाहेर होते. भाजण्या-चाळण्यातली घट धरली तर प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा किलो येते. पाच माणसांच्या घरात तेवढ्यात दहा-बारा वेळा आमटी होते.

कुणी काय आणायचे ते बैठकीतच ठरवावे, आणि सर्वांत आधी गप्प बसलेल्या बाईला विचारावे, “तुम्ही काय आणता?” ती गहू म्हणाली तर गहू तिच्या नावावर लिहावा, मग बाकीच्यांनी उरलेले वाटून घ्यावे. मिरी, लवंग, दालचिनी, हिंग या विकतच्या वस्तू कुणा एकीवर टाकू नयेत. त्या सगळ्यांच्या सारख्या, लहानशा वर्गणीतून आणाव्यात. वाटप मात्र सारखेच. दोन किलो ज्वारी आणणारीलाही अर्धा किलो आणि हिंगाची डबी आणणारीलाही अर्धा किलो. हे आधी बोलून घ्यावे, म्हणजे मागून कुरबुर होत नाही.

धान्ये निवडून, पुसून, एक दिवस ऊन दाखवावे. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे. ज्वारी आणि उडीद एकत्र टाकले तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. आच मंद ठेवावी. ज्वारी तडतडून काही दाणे फुटू लागले आणि डाळीचा रंग बदामी झाला, की उतरावे. धने-जिरे आणि गरम मसाला शेवटी, कढई नुसती तापलेली असताना. मिरच्यांना तेलाचा थेंब लावावा, म्हणजे ठसका कमी उठतो. हळद आणि हिंग भाजू नयेत. नुसते गरम करून घ्यावे. सुके खोबरे घालायची काही घरांत रीत आहे, पण खोबऱ्याने पीठ खवट होते. टिकवायचे असेल तर ते आमटीच्या वेळीच वाटून घालावे.

सगळे पूर्ण गार झाल्यावरच दळायला न्यावे. कोमट दळले तर डब्यात वाफ धरते आणि पंधरा दिवसांत जाळी होते. गिरणीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पुष्कळ ठिकाणी मसाल्याची चक्की वेगळी असते. दळून आलेले पीठही परातीत पसरून निववावे, चाळावे, मग कोरड्या डब्यात दाबून भरावे. ओला चमचा घालू नये, हे लहान पोरांनाही बजावून ठेवावे.

आमटीची रीत तर तुम्हांला ठाऊकच आहे. चार चमचे येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी, लसूण-कांदा चालत असेल तर तो, पाच-सहा वाट्या पाणी, मीठ, आवडीप्रमाणे चिंच किंवा गूळ. पाण्याला उकळी आली की कालवलेले येसर सोडून ढवळत राहायचे. दहा मिनिटांत घरभर वास सुटतो.

विकायचे ठरले तर

पहिल्या वर्षी विकण्याचा विचार न केलेला बरा. आधी दहा घरांत वर्षभर खाऊन पाहावे. कुणाच्या डब्याला कीड लागली, कुणाला तिखट वाटले, कुणाला भरड वाटले, ते बैठकीत बोलावे आणि पुढच्या वर्षी प्रमाण पक्के करावे. मग यात्रेत किंवा तालुक्याच्या प्रदर्शनात पाकिटे ठेवायला हरकत नाही. त्या वेळी मात्र छगनबाप्पांचा सल्ला आठवावा: प्रत एकच. घरच्या आमटीत दहा चवी चालतात. गिऱ्हाइकाच्या पाकिटात एकच चव लागते. अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या गटालाही नोंदणी करावी लागते, ती विसरू नये. पाकिटावर दळल्याची तारीख घालावी.

बाजाराची हवाही आज ज्वारीच्या बाजूची आहे. भारताने सुचविल्यावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि जी ज्वारी शहरातल्या लोकांनी ताटातून काढून टाकली होती, ती त्यांच्या दुकानांत पुन्हा मानाने आली. आपल्याला तिचा मान नव्याने शिकायची गरज नाही. आपल्या आज्यांनी ती येसरात घालून लग्नाच्या पंगतीत वाढलेली आहे.

यात्रा उलगडते त्या सुमारास रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असते, हरभरा घरात येत असतो, आणि पुढे लग्नसराई असते. येसर करायला याहून चांगला काळ नाही. तेव्हा भगिनींनो, या खेपेस बैठक बसली की पदार्थाचे नाव लगेच काढू नका. आधी कुणाच्या घरी काय आहे ते विचारा, आणि विचारायला सुरुवात भिंतीला टेकून बसलेल्या बाईपासून करा. तिने आणलेला शेरभर गहू ज्वारीत मिसळून जात्यातून एकदा बाहेर आला, की कोणता दाणा कुणाच्या घरचा हे कुणालाच सांगता येणार नाही.